बाहेरची कीड आली म्हणून घरची जात नाही

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्न शॉप आहे, ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करतो. परदेशातून मशीन आलं, त्याच्या पाइनच्या पॅलेट शेडमध्ये पडून आहेत. त्यांना बारीक भोकं आहेत आणि खाली पीठ पडतंय. माझा भाचा बीएस्सी ॲग्रीला आहे. तो म्हणतो, 'मामा, काळजी करू नका. बाहेरची कीड आली तरी इथल्या किडी तिला टिकू देणार नाहीत, दोघींची कुस्ती लागेल आणि एक संपेल.' पाइनच्या जंगलात असं झाल्याचं त्यानं वाचलंय. हे खरं आहे का? आणि या पॅलेटचं काय करू?"

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. स्पर्धा असते, आणि चांगली कडवी असते. चुकतं ते "एक संपेल" इथं, आणि त्याहून जास्त "काळजी करू नका" इथं. माझी एकतीस वर्षं ऊस आणि मक्यावरच्या किडींत गेली. पाइन जवळून बघितला तो डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत प्रशिक्षणाला होतो तेव्हा, नंतर वाचत राहिलो. पण पाइनची साल काढून बघा नाहीतर मक्याचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उलगडून बघा, आतला हिशेब फार वेगळा नसतो.

आधी कुस्ती हा शब्द सोडा. कुस्तीत दोघं एकाच वेळी मातीत उतरतात. किडींचं तसं क्वचित होतं. त्यांचं एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यासारखं असतं. पाइनची जाड साल आणि आतलं लाकूड यांच्या मधे एक ओलसर, मऊ थर असतो, काही मिलिमीटरचा. सालीखालच्या भुंगेऱ्यांची अख्खी पिढी त्या थरावर वाढते. ज्याच्या अळ्यांनी तो आधी खाल्ला त्याचं पोट भरलं. मागून येणाऱ्याला नुसता भुसा.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. टोमिकस पिनिपर्डा हा मूळचा युरोप-आशियाकडचा भुंगेरा 1992 साली ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या एका ख्रिसमस ट्रीच्या मळ्यात सापडला. तिथला स्वतःचा भुंगेरा आहे इप्स पिनी. दोघांनाही तेच हवं असतं: नुकताच तोडलेला ओंडका, बुंधा, नाहीतर मरणपंथाला लागलेलं झाड. टोमिकस थंडीतून तयारच बाहेर पडतो. दुपारचं तापमान बारा अंशांच्या आसपास गेलं की उडतो, सावलीत अजून बर्फ असलं तरी. इप्स त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे हिवाळ्यात तोडलेल्या ओंडक्यांवर पाहुण्याचा रुमाल. पण टोमिकसची वर्षाला पिढी एकच. त्याची नवी पिल्लावळ उन्हाळ्यात झाडाच्या शेंड्याकडे जाते आणि कोवळ्या फांद्यांचा गाभा खात बसते. इप्सच्या त्या हंगामात आणखी पिढ्या होतात, त्यामुळे जून-जुलैत पडलेलं झाड त्याचं. टोमिकस आला म्हणून इप्स गेला नाही, आणि इप्समुळे टोमिकसही गेला नाही. टोमिकससाठी 1992 मध्येच लावलेलं क्वारंटाइन अमेरिकेनं 2020 मध्ये उठवलं, कारण भीती होती तेवढं नुकसान त्यानं केलं नाही. पण तो आहे तिथंच.

भाच्यानं बहुतेक सायरेक्सबद्दल वाचलं असावं. पाइनच्या किडींत हिच्यावर खूप लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे.

सायरेक्स नॉक्टिलिओ ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण डंख न मारणारी माशी. मादी निळसर काळी, पोलादासारखी चकाकणारी, आणि मागं सुईसारखी लांब नळी. ती खोडावर बसते, नळी सालीतून थेट लाकडात घुसवते आणि एका टोचणीत तीन गोष्टी आत सोडू शकते: अंडं, एक विषारी चिकट स्राव आणि एका बुरशीचे कण. ही बुरशी, ॲमिलोस्टेरियम, ती पोटातल्या दोन बारीक पिशव्यांत सांभाळून आणते. स्रावामुळे झाडाचा जोर मोडतो, पाइनची सुईसारखी पानं पिवळी पडतात. बुरशी लाकूड वाळवते आणि मऊ करते. मग अळी त्या मऊ लाकडात शिरते. थोडक्यात, ही बाई घर बघायला येते तेव्हा गवंडी आणि स्वयंपाकी दोघांना घेऊनच येते.

मूळ देशात, म्हणजे युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेत, हिचं नाव कुणी काढत नाही. मरायला टेकलेल्या झाडांवर जगते, बस्स. 1900 च्या सुमारास न्यूझीलंडला पोचली, 1952 मध्ये टास्मानियात सापडली, पुढं दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका. या सगळ्या ठिकाणी काय होतं? कॅलिफोर्नियातून नेलेल्या रेडिएटा पाइनसारख्या परक्या झाडांची मैलोन्‌मैल, रांगेत, दाटीनं केलेली लागवड. तिथं पाइन मुळातले नाहीत, म्हणून पाइनवरच्या स्थानिक किडी नाहीत, आणि त्या किडींना खाणारंही कुणी नाही. रिकामी एसटी. 1987 ते 1989 या काळात दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवर तिनं पन्नास लाखांहून जास्त झाडं मारली.

2004 मध्ये हीच माशी न्यूयॉर्क राज्यात सापळ्यात सापडली, पुढच्या वर्षी कॅनडाच्या ओंटारिओतही. सगळ्यांचे धाबे दणाणले, कारण तिथं पाइन घरचे आहेत, अफाट आहेत. पण ऑस्ट्रेलियासारखं झालं नाही. का? तिथल्या प्रत्येक आजारी पाइनमध्ये आधीच भाडेकरू होते. सालीखालचे भुंगेरे, लाकूड कोरणाऱ्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, निळ्या डागाच्या बुरशा, आणि सायरेक्स निग्रिकॉर्निस ही तिचीच तिथली चुलत बहीण. ओंटारिओत एकाच खोडाचे तुकडे पिंजऱ्यात ठेवले तेव्हा त्यातून दोन्ही सायरेक्स निघाल्या: परकी उन्हाळ्यात, घरची शरदात. ज्या झाडांत भुंगेरे आणि निळी बुरशी आधी बसली होती, तिथं परकी सायरेक्स कमी निघाली.

इथवर भाचा जिंकला. आता पुढचं ऐका.

एक तर परकी दबली, गेली नाही. ती पसरत राहिली. दुसरं, ती उन्हाळ्यात उडते, घरची शरदात, म्हणजे रुमाल पुन्हा पाहुणीचाच. तिसरं, ज्या भुंगेऱ्यांनी तिला दाबलं ते काही झाडाचे मित्र नव्हेत. झाडाच्या बाजूनं बघाल तर मारणारा कोण एवढाच फरक पडला.

आणि खरी मारामारी बहुतेक वेळा किड्यांची नसतेच, त्यांनी आणलेल्या बुरशांची असते. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. आम्हा कीटकशास्त्रवाल्यांना बुरशी म्हटलं की "तो वनस्पतीरोगवाल्यांचा विषय" म्हणायची सवय, आणि समोरच्या खोलीत बसलेल्या माणसाला विचारायला कमीपणा वाटायचा. ऑस्ट्रेलियातली हकिगत वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सायरेक्सवर सगळ्यात चांगला चाललेला इलाज म्हणजे एक सूक्ष्म सूत्रकृमी, दोऱ्यासारखा बारीक जंत. तो 1962 मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडला. सायरेक्सच्या अळीत शिरतो आणि मादी प्रौढ होईपर्यंत तिच्या अंड्यांत जाऊन बसतो. मादी मरत नाही. ती उडते, झाड शोधते, टोचते, आणि अंड्यांच्या नावाखाली सूत्रकृमी पेरून येते. शत्रूच आपला सालदार. यासाठी ऑस्ट्रेलियात हंगामाआधी थोड्या झाडांना तणनाशक टोचून मुद्दाम अशक्त करत, त्यांना सापळा-झाडं म्हणत. सायरेक्स तिथं अंडी घाली, मग ती झाडं पाडून हातोडीनं खोडात भोकं मारून जिलेटिनमध्ये कालवलेले सूत्रकृमी भरत. यातली मेख अशी की हा सूत्रकृमी अळीबाहेर असताना त्याच ॲमिलोस्टेरियम बुरशीवर जगतो आणि वाढतो.

आता तिसरा गडी. इप्स ग्रँडिकॉलिस हा उत्तर अमेरिकेतला सालीखालचा भुंगेरा 1943 मध्येच दक्षिण ऑस्ट्रेलियात सापडला होता. अशक्त झाडाचा वास त्यालाही येतो. तो सापळा-झाडांवर तुटून पडला आणि येताना निळ्या डागाची बुरशी घेऊन आला. निळी बुरशी जिथं पसरली तिथं ॲमिलोस्टेरियमला जागा मिळेना. सायरेक्सच्या अळ्यांची उपासमार झाली. कागदावर काय दिसतं? एका परक्या किडीनं दुसऱ्या परक्या किडीला मारलं, छान. प्रत्यक्षात सूत्रकृमींचंही अन्न गेलं, म्हणजे ज्या झाडात सूत्रकृमींचं बियाणं तयार व्हायचं तेच झाड बाद झालं, आणि बाजूच्या हजार झाडांतली सायरेक्स मोकळी राहिली. किडी आपसांत भांडतात तेव्हा आपला फायदा होईलच असं नाही. कधी कधी आपलाच डाव मोडतो.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट साखर कारखान्यांच्या ट्रायकोकार्ड लॅबवाल्यांसाठी सांगून ठेवतो, विषयाला थोडी सोडून आहे. त्या सूत्रकृमींची वीसेक वर्षं प्रयोगशाळेत फक्त बुरशीवर वाढ केली, पिढ्यान्‌पिढ्या. शेवटी लक्षात आलं की त्यांची अळीत शिरण्याची सवयच सुटत चाललीय. 1991 मध्ये टास्मानियातल्या कामोना इथून जंगलातला ताजा वाण पुन्हा मिळवावा लागला. आपण तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही किडींच्या अंड्यांत वाढणारी इवली मित्र-माशी वाढवतो, ती अंडी कार्डावर चिकटवून शेतात लावतो, वर्षानुवर्षं, आणि मग "कार्ड लावून गुण येत नाही" म्हणतो. अधूनमधून शेतातल्या अंड्यांवरून नवा वाण घ्यायला हवा, हे मी कितीदा सांगितलं त्याची गणती नाही.

आता घराकडं येऊ, कारण भाच्याला पाइनपेक्षा हे पटेल. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती मे 2018 मध्ये, कर्नाटकातल्या शिवमोग्ग्यात. कोल्हापूरपासून काही फार लांब नाही. पुढच्या खरिपात मी हातकणंगल्याकडं चाऱ्याच्या मक्यात बसून पोंगे उलगडत होतो. पूर्वी पोंगा ओढला की अलगद हातात यायचा, खाली कुजका वास, आणि आत खोडकिड्याची ठिपक्यांची अळी: पोंगेमर. त्या वर्षी बहुतेक पोंग्यांत ओल्या भुश्शासारखी विष्ठा भरलेली आणि आत एकच जाडजूड अळी, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडं चौकोनात चार ठिपके. एकच का? कारण तिनं बाकीच्या बहिणी खाल्लेल्या. जी आपल्या बहिणीला सोडत नाही ती खोडकिड्याला काय सोडणार? एका शेतकऱ्यानं मला विचारलंच, "साहेब, जुनी गेली म्हणायची का?" मी त्याला ताटं उभी चिरून दाखवली. खोडकिडा पोंग्यातून हटला होता, खाली कांड्यात होता. काही ताटांत दोन्ही: वर लष्करी, खाली खोडकिडा. फवारणी पोंग्यात पडत होती, आणि कांड्यातला आरामात होता.

हाच आपला खोडकिडा, कायलो पार्टेलस, ज्वारी-मक्यावरचा. इथं तो घरचा. आफ्रिकेत तो परका आहे! 1930 च्या सुमारास तो मलावीत नोंदला गेला, पुढं पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरला. केनियाच्या किनाऱ्यावर त्यानं कायलोच्याच तिथल्या मूळच्या दुसऱ्या जातीला बऱ्याच ठिकाणी बाजूला सारलं, दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर बुसिओला नावाच्या तिथल्या खोडकिड्याला मागं रेटलं. कसं? त्याची पिढी लवकर पुरी होते, आणि सुप्तावस्थेतून तो आधी जागा होतो. बुसिओला डोळे चोळत बाहेर येतो तोवर ताटात हा बसलेला. पुन्हा रुमालच. त्याला आवरायला 1993 मध्ये केनियात कोटेशिया फ्लेव्हिपेस ही इवली गांधीलमाशी सोडली, आशियातून नेऊन. ती आपल्या शेतात आजही आहे, चिरलेल्या ताटात पांढऱ्या कापसासारख्या कोशांचा पुंजका दिसतो तो तिचा. तो पुंजका दिसला तर टाकून देऊ नका, ताट तसंच बांधावर ठेवा.

"घरची" आणि "परकी" हे किडीचे स्वभाव नव्हेत, पत्ते आहेत. बाहेर गेल्यावर ती माजते कारण शत्रू मागं राहिले आणि समोर मोकळं रान मिळालं. रेड टर्पेंटाइन बीटल हा अमेरिकेतला मोठा लालसर भुंगेरा. तिथं दुबळ्या झाडांच्या बुंध्यावर जगतो, कुणी विशेष लक्ष देत नाही. चीनच्या शान्सी प्रांतात 1999 पासून त्याचा उद्रेक झाला आणि साठ लाखांहून जास्त पाइन मेले. तिथंही भुंगेरे घरचे होतेच की. त्यांनी अडवलं नाही, कारण हा राहतो बुंध्याशी आणि मुळांत, जिथं फारशी गर्दी नव्हती.

शत्रूंचं एक राहिलं. दोन किडी एकमेकींना कधी भेटल्याही नाहीत तरी एक दुसरीला मारू शकते, सामाईक शत्रूमार्फत. पाइनच्या लाकडात खोल असलेल्या अळीपर्यंत पोचणाऱ्या परोपजीवी माश्या अमेरिकेत परक्या सायरेक्सवरही बसू लागल्या. परकीमुळे त्यांची संख्या वाढली तर जाच घरच्या, निरुपद्रवी सायरेक्सलाही होणार. म्हणूनच तो ऑस्ट्रेलियाचा सूत्रकृमी अमेरिकेत सोडावा का यावर तिथं इतका खल झाला: मारायला जायचं परकीला आणि जायची घरची.

आता तुमच्या पॅलेट. फोटोवरून बोलणार होतो, पण शिरोली मला वीस मिनिटांवर, म्हणून येऊन गेलो. तुम्ही बाहेर होता, तुमच्या सुपरवायझरनं दाखवलं.

पाइनच्या फळ्यांवर भोकं आहेत, पण ती जुनी आहेत. भोकाच्या कडा काळपट, आतली भिंत काळी, आजूबाजूला लाकडात निळसर-करडी रेघ. ही जंगलातली, ओल्या लाकडात पडलेली भोकं. त्यांतून पीठ पडत नाही. फळीवर लाकडावर उपचार केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का स्पष्ट आहे: गव्हाच्या लोंबीची खूण, देशाची दोन अक्षरं, नंबर आणि एचटी, म्हणजे हीट ट्रीटमेंट. याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटं दिलेली. त्यात अळी जगत नाही. एका जागी साल शिल्लक आहे, पण तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी आहे, तेवढी चालते. आणि एखादी सायरेक्स जगली वाचली असतीच, तरी कोल्हापुरात तिला पाइन कुठला? कोकण किनाऱ्यावरचं सुरू पाइनसारखं दिसतं म्हणून लोक फसतात, पण ते वेगळ्याच कुळातलं. पाइनच्या किडीच्या ते कामाचं नाही. भीती असते ती असं लाकूड पुढं ट्रकमधून हिमाचल-उत्तराखंडाकडं जातं तेव्हा. तिथं चीड पाइनची जंगलं आहेत.

मग पीठ कुठून? पॅलेटच्या खालच्या ठोकळ्यांतून. तीन पॅलेटचे मूळ ठोकळे तुटले म्हणून कुणीतरी इथलेच, आंब्याचे, ठोकलेत. त्यांच्यावर शिक्का नाही. मी एक ठोकळा काळ्या रेक्झिनवर आपटला: मैद्यासारखं पीठ, आणि त्यात दोन जिवंत भुंगेरे, तांदळाच्या दाण्याएवढे, आखूड, काळे, डोकं खाली दुमडलेलं, मागचा भाग तिरका छाटल्यासारखा आणि त्यावर दोन काटे. सायनोक्सिलॉन. शंभर टक्के आपला, गावठी. त्याला लाकडातला स्टार्च लागतो, तो आंब्याच्या पांढऱ्या लाकडात भरपूर. शेजारच्या पाइनला तो सहसा शिवत नाही. म्हणजे ज्या पॅलेटवर घरच्या-परक्यांची कुस्ती लागेल असं भाचा म्हणत होता, तिथं परका मेलेला आहे आणि घरचा दुसऱ्याच ताटात जेवतोय.

ते ठोकळे आजच काढा आणि जाळा. शेडमध्ये आंब्याच्या आणखी फळ्या असतील तर त्यांचा ढीग पॅटर्नच्या सागवानापासून लांब ठेवा. सागाचा गाभा हा खात नाही, पण कडेचा पांढरा भाग सोडत नाही. ठेवायच्याच असतील त्या कोरड्या फळ्यांना बोरिक ॲसिड-बोरॅक्सचं पाणी ब्रशनं दोन हात द्या. आणि एक महत्त्वाचं: या पॅलेटवर तुमचं कास्टिंग बाहेर पाठवू नका. शिक्क्याच्या पॅलेटला बिनशिक्क्याचा ठोकळा लागला की तो शिक्का बाद. सायनोक्सिलॉन भारतातून गेलेल्या पॅकिंगच्या लाकडात परदेशी बंदरांवर वारंवार पकडला गेलाय. तिथं तो परका असतो, आणि कंटेनर तुमचा असतो.

पुन्हा भुंगेरा दिसला तर चिरडू नका, चिरडलेला ओळखता येत नाही. छोट्या काचेच्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका, चिठ्ठीवर तारीख आणि कुठल्या लाकडातून निघाला ते पेन्सिलनं लिहा, शाई पुसली जाते. भाच्याला कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र विभागात दाखवायला सांगा. काडेपेटीत मात्र घालू नका. तुमच्याकडचे दोन मी काडेपेटीत आणले होते, सकाळी उघडली तर पेटीला भोक आणि आत एकच.